मोटारसायकलची विद्युत प्रणाली आणि इशारादिवे

मोटारसायकलची विद्युत प्रणाली म्हणजे वीजनिर्मिती, वीजसाठा, प्रज्वलन, प्रकाशयोजना आणि इशारा देणारी उपकरणे यांना जोडणारी यंत्रणा होय. या प्रणालीतील बिघाड चालकाच्या लक्षात आणून देण्यासाठी मीटरवर जे छोटे दिवे असतात, त्यांना इशारादिवे म्हणतात. मराठवाड्यातील धाराशिवसारख्या जिल्ह्यात मोटारसायकल हे शेत, शाळा, बाजार आणि दवाखाना यांना जोडणारे प्रमुख खासगी वाहन असल्याने या प्रणालीची माहिती सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

रचना

इंजिनाच्या दांड्यावर बसवलेल्या मॅग्नेटोमुळे स्थिर कॉइलमध्ये प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर (बोलीत ‘आरआर’) हा भाग तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो व तिचा दाब मर्यादेत ठेवतो. त्यानंतर ही वीज १२ व्होल्टच्या बॅटरीत साठवली जाते. बॅटरीपासून निघालेली वीज फ्यूज, किल्लीचा स्विच आणि वायरिंगमार्फत प्रत्येक उपकरणापर्यंत पोहोचते. परतीचा मार्ग वाहनाच्या धातूच्या सांगाड्यातून जातो. त्यास ‘अर्थ’ म्हणतात.

जुन्या अनेक मोटारसायकलींत पुढचा दिवा बॅटरीवर नव्हे, तर थेट मॅग्नेटोवर चालत असे. अशा वाहनात इंजिनाची गती कमी होताच दिवा मंद होतो. तो दोष नसून रचनेचा गुण आहे.

इशारादिवे

लाल रंग तातडीचा, पिवळा तपासणीचा, तर हिरवा व निळा केवळ माहितीचा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

तेलाचा दिवा (लाल): इंजिनातील तेलाचा दाब किंवा पातळी कमी झाल्याचे दर्शवतो. चालू वाहनात तो लागल्यास इंजिन त्वरित बंद करणे आवश्यक असते. अन्यथा बेअरिंग व पिस्टन निकामी होऊ शकतात. लहान इंजिनांच्या अनेक गाड्यांत हा दिवा नसतो. तेथे तेलाची पातळी पट्टीने किंवा काचेतून पाहावी लागते.

इंजिन तपासणीचा दिवा (पिवळा): इंधन-अंतःक्षेपण असलेल्या वाहनांत किल्ली फिरवताच लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो कायम राहिल्यास संवेदक किंवा त्याच्या जोडणीत दोष असतो. काही मॉडेलांत त्याच्या लांब-आखूड लुकलुकण्यातून दोषाचा क्रमांक कळतो.

एबीएसचा दिवा (पिवळा): वाहनाने थोडा वेग घेतल्यावर विझतो. तो न विझल्यास नेहमीचे ब्रेक लागतात, पण चाक अडकू न देणारी यंत्रणा काम करीत नाही.

किल्ली फिरवल्यावर इशारादिवा मुळीच न लागणे हाही दोषच आहे. विझलेला दिवा निर्दोष यंत्रणेचा पुरावा ठरत नाही.

दोषांचे निदान

निदानाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा : बॅटरी, फ्यूज, अर्थ, जोड आणि शेवटी महागडे सुटे भाग.

वाहन बंद असताना पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात चालू असताना हा आकडा साधारणतः १३.५ ते १४.५ दरम्यान असावा. तो वाढतच नसेल तर कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांचे जोड तपासावेत. तो १५ च्या पुढे गेल्यास रेग्युलेटर निकामी झाल्याची शक्यता असते; वारंवार बल्ब उडणे आणि बॅटरीचे पाणी लवकर आटणे ही त्याचीच लक्षणे होत.

सर्व दिवे एकदम गेल्यास मुख्य फ्यूज किंवा किल्लीचा स्विच, तर एकच दिवा गेल्यास बल्ब किंवा त्याचा अर्थ संशयास्पद ठरतो. इंडिकेटर लावताच दुसराच दिवा मिणमिणल्यास अर्थ सैल असतो. इंडिकेटरच्या लुकलुकण्याची गती बदलणे हे बहुधा एक बल्ब गेल्याचे चिन्ह असते.

उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवणे धोकादायक आहे. फ्यूजऐवजी वायरच तापते आणि पेट्रोलच्या टाकीखालीच आग लागू शकते. इंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी काढल्यास दाब अनियंत्रित होऊन रेग्युलेटर व नियंत्रक संच बिघडू शकतात. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवतात व बसवताना ते शेवटी जोडतात.

स्थानिक परिस्थिती

धाराशिव जिल्ह्यातील कडक उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर आटते. त्यात केवळ ऊर्ध्वपातित पाणीच घालतात. कच्च्या रस्त्यावरील धूळ व हादरे यांमुळे जोड सैल होतात. गोठ्यात किंवा धान्याजवळ उभ्या केलेल्या वाहनाच्या वायरी उंदीर कुरतडतात. तेथे उघडी तार धूळ-पाण्याच्या संपर्कात येऊन हिरवट गंज चढतो आणि दोष अधूनमधून प्रकट होतो.

येडशी, धाराशिव, तुळजापूर मार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग, उमरगा मार्गे जाणारा महामार्ग ६५ यांवर रात्रीही वर्दळ असते. नवरात्रात व कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला भाविक रात्री पायी जातात, तर गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अशा वेळी पुढचा दिवा बंद असणे पायी चालणाऱ्याच्या, तर मागचा दिवा बंद असणे चालकाच्या जिवावर बेतू शकते.

कायदेशीर तरतुदी

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो. १२५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनांच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस अनिवार्य झाले. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर कार्बुरेटरची जागा बहुतांशी इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. त्यामुळे पूर्वी किक मारून सुटणारी अडचण आता अनेकदा बॅटरीच्या व्होल्टेजवर येऊन थांबते.

हे सुद्धा पहा

मोटारसायकल
मॅग्नेटो
बॅटरी
फ्यूज
धाराशिव जिल्हा