गुळगुळीत चाकाची पकड

घर्षण म्हणजे यंत्राचा वैरी, अशी आपली साधारण समजूत असते. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणारा शेतकरी काय किंवा गिरणींतील यंत्राला तेल देणारा कामगार काय, दोघेहि या वैऱ्याशींच झगडत असतात. परंतु हें घर्षण अजिबात नाहींसें झालें, तर चाक जागच्या जागीं गरगरत राहील. गाडी तसूभरहि पुढें सरकणार नाहीं. इंजिनाच्या चाकानें रूळ मागें रेटावा व त्या रेट्यानें गाडी पुढें जावी, यासाठीं दोहोंमध्यें पकड हवी. ही गोष्ट पटण्यास ब्रिटनमधील कोळसा-खाणवाल्यांना सुमारें दहा वर्षें लागलीं.

२१ फेब्रुवारी १८०४ रोजीं वेल्समधील पेनिडॅरन येथें रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या इंजिनानें १० टन लोखंड व सुमारें ७० माणसें घेऊन नऊ मैलांहून अधिक मजल मारली. चाकें गुळगुळीत, मार्गहि गुळगुळीत; तरी पकड पुरली. फुटले ते ओतीव लोखंडाचे रूळ. परंतु पुढें अनेक यंत्रज्ञांच्या मनांत भलताच ग्रह बसला, कीं गुळगुळीत चाकाची पकड जड माल ओढण्यास पुरणारच नाहीं.

इतक्यांत नेपोलियनशीं चाललेल्या युद्धामुळें घोडे व त्यांचा चारा महागला आणि खाणमालकांना इंजिनाची निकड भासूं लागली. लीड्सजवळील मिडलटन खाणीचा व्यवस्थापक जॉन ब्लेंकिन्सॉप यानें एका रुळाच्या बाजूस दाते ओतून घेतले व त्यांत अडकणारें दातेरी चाक इंजिनास बसविलें. १८१२ सालीं सुरू झालेली ही योजना वीस वर्षांहून अधिक काळ चालली. तिच्यामागचा हिशेब खोटा नव्हता. ठिसूळ रूळ वांचवावयाचे तर इंजिन हलकें हवें; हलक्या इंजिनाची पकड कमी; ती उणीव दात्यांनीं भरून काढली. विल्यम ब्रंटन यानें तर १८१३ सालीं इंजिनास जमीन रेटणारे दोन लोखंडी पायच लाविले!

याच सुमारास टाइन नदीकांठच्या वायलम खाणीवरील अधिकारी विल्यम हेडली यानें वाद न घालतां प्रयोग केला. त्यानें चार चाकांची एक गाडी घेतली, तिच्यावर मोजून वजनें ठेविलीं व मागें कोळशानें भरलेले डबे जोडले. माणसांनीं दांडे फिरवून तिचीं चाकें फिरवावयाचीं होतीं. त्यांच्या पायांचा रेटा जमिनीस लागूं नये, म्हणून त्यांना उभें राहण्यास गाडीलाच फळ्या टांगल्या होत्या. गाडीवर किती वजन असतां किती डबे ओढले जातात आणि चाकें कोणत्या क्षणीं नुसतीं गरगरूं लागतात, हें त्यानें टिपून ठेविलें. निष्कर्ष स्पष्ट होता : दाते नकोत, पाय नकोत, चाकांवरील भारच पुरेशी पकड देतो. त्यावरून ‘पफिंग बिली’ हें इंजिन तयार झालें. त्याच्या घडणींत टिमथी हॅकवर्थ आदि सहकाऱ्यांचाहि वाटा मानतात. आज तें लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें आहे.

याचें मर्म असें. कोरड्या, स्वच्छ रुळावर चाकाची पकड त्यावरील भाराच्या सुमारें चतुर्थांश असते. उलट सपाट रुळावर एक टन माल चालता ठेवण्यास कांहीं थोड्या किलोंचाच जोर लागतो. म्हणून इंजिन आपल्या वजनाच्या कितीतरी पट माल ओढतें. मात्र त्याचें वजन सोसणारा रूळ हवा. वायलमच्या इंजिनांनाहि ओतीव रुळांवर भार विभागण्यासाठीं कांहीं काळ आठ चाकें द्यावीं लागलीं. १८२० सालीं जॉन बर्किनशॉ यानें घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटून काढण्याची रीत शोधली, तेव्हां ही अडचण दूर होऊं लागली.

आपल्या बोरघाटांत १८६३ सालीं लोहमार्ग खुला झाला. तेथें ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र चढ असूनहि दातेरी रूळ घातला नाहीं. चढावर गाडीचें वजनच तिला मागें खेंचतें, आणि रूळ ओला असला कीं पकडहि घटते. तेव्हां चाकाखालीं वाळू सोडतात. मुंबईहून पुण्यास जातांना कर्जतला गाडीच्या मागें जादा इंजिनें लागतात, तीं केवळ अधिक शक्तीसाठीं नव्हेत. त्यांच्या वजनाबरोबर रूळ धरणारीं चाकेंहि वाढतात.