चुकू शकेल असा अंदाज

मानसशास्त्राच्या एम.ए.ला येणारे बहुतेक विद्यार्थी माणसांना मदत करायची म्हणून येतात. कुणाच्या घरात दीर्घ आजार असतो, कुणी वसतिगृहात सगळ्यांचे ऐकून घेणारी मैत्रीण असते, कुणाला शाळेत समुपदेशक व्हायचे असते. पहिल्याच सत्रात त्यांच्यासमोर संशोधनपद्धती आणि सांख्यिकी येतात, दुसऱ्या वर्षी स्वतःचा संशोधन प्रकल्प येतो, आणि आपण ज्यासाठी आलो ते मागेच राहिले असे पुष्कळांना वाटू लागते. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आहे. माणसांविषयी आपल्याला जी खात्री वाटते ती तपासून पाहण्याची सवय लागल्याशिवाय मदतही नीट करता येत नाही, असे माझे मत आहे; आणि ती सवय लागण्यासाठी संशोधन करून मिळवलेल्या एम.ए.इतकी चांगली संधी पुढे सहसा मिळत नाही.

एका उदाहरणापासून सुरुवात करतो, कारण ते आपल्याकडचे आहे आणि आपल्या वर्गांत त्याची आठवण फार कमी वेळा निघते.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. नंतरच्या दिवसांत जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने लोकांमध्ये फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवल्या. अमुक तारखेला पाटण्यात भयंकर वादळ होणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा जमीन हादरणार, फेब्रुवारीत प्रलय येणार, अशा त्या अफवा होत्या. जिथे धक्का जोरात जाणवला पण घरे पडली नाहीत, माणसे दगावली नाहीत, अशा भागातल्या लोकांमध्ये त्या पसरल्या होत्या. हे टिपण १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले.

घाबरलेला माणूस धीर देणारी गोष्ट शोधतो, असे आपण सगळेच धरून चालतो. मग जे वाचले होते ते लोक आपली भीती आणखी वाढवणाऱ्या गोष्टी एकमेकांना का सांगत होते? पंधरा-वीस वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंजर आणि त्यांचे सहकारी सामाजिक प्रभावावरचे संशोधन वाचत असताना हा अहवाल त्यांच्या हाती पडला आणि याच प्रश्नाशी ते अडखळले. त्यांना सुचलेले उत्तर असे: या लोकांच्या मनात भीती तर शिरली होती, पण आजूबाजूला पाहावे तर भिण्याजोगे काही दिसत नव्हते. भीती आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसेना. येऊ घातलेल्या संकटाच्या अफवेने तो मेळ बसवून दिला, भीतीला कारण मिळाले. बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्ताची एक सुरुवात इथे आहे. फेस्टिंजर यांचे पुस्तक १९५७ मध्ये निघाले आणि १९५९ मध्ये जेम्स कार्लस्मिथ यांच्यासह केलेला, एक डॉलर आणि वीस डॉलरांचा तो प्रसिद्ध प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला. पाटण्याच्या अफवा मात्र पाठ्यपुस्तकाच्या बाहेरच राहिल्या.

या हकिकतीतली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची आहे. फेस्टिंजर यांचे उत्तर कितीही आकर्षक असले तरी नुसत्या पाटण्याच्या टिपणावरून ते पटण्यासारखे नव्हते. भूकंपानंतर माणसे नेहमी भयंकर अफवाच पसरवतात, एवढे साधे स्पष्टीकरणही तिथे चालले असते. ते टिकते की नाही हे पाहायला अशी जागा हवी, जिथे संकट खरोखर कोसळले आहे आणि भीतीला डोळ्यांसमोर कारण आहे. ती तुलना दुर्गानंद सिन्हा यांच्यामुळे मिळाली. १९५०च्या दार्जिलिंगमधल्या दरडी कोसळल्यानंतर प्रत्यक्ष हानी झालेल्या भागात त्यांनी अफवा गोळा केल्या आणि १९५२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे पुढच्या महासंकटाच्या भाकितांचा असा पूर आढळला नाही. फेस्टिंजर यांचा अंदाज इथे चुकू शकला असता. तो चुकला नाही, म्हणून त्याला वजन आले.

विषय घेऊन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी म्हणूनच एक प्रश्न विचारतो: तुझा अंदाज चुकला, तर ते तुला कशावरून कळेल? बहुतेकदा उत्तर तयार नसते. त्यात विद्यार्थ्याचा दोष कमी आणि आपण ठरवून दिलेल्या साच्याचा जास्त आहे. ‘महाविद्यालयीन मुला-मुलींच्या भावनिक बुद्धिमत्तेतील फरकाचा अभ्यास’ अशा शीर्षकाचे लघुप्रबंध महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या कपाटात सापडतील. तयार प्रश्नावली घ्यायची, ओळखीच्या महाविद्यालयातून तीस मुले आणि तीस मुली घ्यायच्या, आकडे एसपीएसएसमध्ये भरायचे, फरक निघाला तर एक परिच्छेद, नाही निघाला तर दुसरा. निष्कर्ष कोणताही आला तरी कुणाचे मत बदलत नाही, कारण मुळात पणाला काही लावलेलेच नसते. दोन वर्षांतला इतका मोलाचा भाग अशा कामात जावा याचे मला खरोखर वाईट वाटते.

तीस-तीसच्या हिशेबात आणखी एक अडचण आहे. दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका, म्हणजे मध्यम म्हणता येईल असा फरक खरोखर असेल, तर नेहमीच्या ०.०५ या पातळीवर तो हाती लागण्याची शक्यता ८० टक्के ठेवायला प्रत्येक गटात सुमारे ६४ माणसे लागतात. फरक एक-पंचमांश प्रमाण विचलनाइतका लहान असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ४०० लागतात. मानसशास्त्रातले पुष्कळसे खरे फरक लहानच असतात. त्यामुळे विषय ठरण्याआधी हा हिशेब करावा; झेपणारा नसेल तर प्रश्न बदलावा. एकाच माणसाकडून वेगवेगळ्या परिस्थितींत अनेक नोंदी घेणारा आराखडा पुष्कळदा कमी माणसांत भागतो. दहा-बारा माणसांच्या दीर्घ मुलाखतींवर उभा राहणारा गुणात्मक अभ्यास हाही पूर्ण मानाचा मार्ग आहे. आकडेमोड टाळण्यासाठी मात्र तो निवडू नये. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दशः लेखन करायला पाच-सहा तास सहज जातात, आणि खरे विश्लेषण त्यानंतर सुरू होते.

या शास्त्राने आपल्याच घराची झडती घेतली आहे, हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच माहीत असावे. २०१५ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष निघाले होते; पुन्हा केल्यावर ते ३६ टक्क्यांतच निघाले. काही विद्यार्थी हे वाचून खचतात, मग शिकायचे तरी काय, असे विचारतात. मला या आकड्यांत उमेद दिसते. आपल्या चुका मोजून जगासमोर मांडणारी शास्त्रे फार नाहीत. शिवाय त्यातून एम.ए.च्या विद्यार्थ्याला साजेसे काम निघाले आहे: गाजलेला एखादा अभ्यास आपल्याकडे, पुरेशा माणसांवर, काटेकोरपणे पुन्हा करून पाहणे. माहिती गोळा करण्याआधीच आपला अंदाज आणि विश्लेषणाची रीत लिहून तारखेसह नोंदवून ठेवायची पद्धतही आता रुळली आहे. मार्गदर्शकाने आग्रह धरला नाही तरी ती पाळावी.

पुन्हा करून पाहण्याची गरज आपल्याला अधिकच आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांतल्या अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ६८ टक्के माणसे एकट्या अमेरिकेतली होती आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात जरूर वाचावा. शिकागो आणि म्हैसूर इथल्या मुलांना आणि मोठ्यांना त्यांनी ओळखीच्या माणसांच्या बऱ्या-वाईट वागण्याची कारणे विचारली. लहान मुलांच्या उत्तरांत फारसे अंतर नव्हते. वय वाढत गेले तसे शिकागोचे लोक माणसाच्या स्वभावावर बोट ठेवू लागले आणि म्हैसूरचे लोक प्रसंग, नाते, भूमिका यांकडे बघून बोलू लागले. तोवर पाठ्यपुस्तके पहिली रीत सगळ्या मानवजातीची म्हणून शिकवत होती.

मदतीचा आणि संशोधनाचा संबंध कुठे येतो, हे बुद्धिमापनात सर्वांत स्पष्ट दिसते. वि. वि. कामत यांनी १९३०च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. अमेरिकेतले प्रश्न इथल्या मुलांना विचारून पाहणे, कुठला प्रश्न कुठल्या वयाला सुटतो ते नोंदवणे, त्यानुसार प्रश्नांची जागा बदलणे, असे ते कष्टाचे काम होते. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नागपूरला आर्थर मालिन यांनी मुलांसाठीच्या वेश्लर चाचणीचे भारतीय रूप तयार केले. बिने-कामत आणि मालिन ही नावे आजही बालमार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांत रोज उच्चारली जातात. मुलाला बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळते की नाही, परीक्षेत सवलत मिळते की नाही, हे पुष्कळदा त्यांवर ठरते.

आता जेम्स फ्लिन यांचे काम याच्या शेजारी ठेवून पाहा. १९८७ मध्ये त्यांनी १४ देशांतली आकडेवारी मांडून दाखवले की विसाव्या शतकात बुद्धिचाचण्यांवरचे गुण पिढीगणिक चढत गेले. अमेरिकेत हा चढ दशकाला सुमारे तीन गुण होता. म्हणजे जुन्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेली मानके आजच्या मुलाला लावली, तर त्याचा बुद्ध्यांक आहे त्याहून वरचा दिसू शकतो, आणि ज्याला मदत हवी ते मूल सीमारेषेच्या वर जाऊन मदतीबाहेर पडू शकते. मानके ताजी करणे हे कोरडे, तांत्रिक काम वाटते, पण एखाद्या तालुक्यातल्या आईच्या हातात कोणता कागद पडणार, हे त्याने ठरते. एका विद्यार्थ्याला संपूर्ण चाचणीची मानके नव्याने बांधता येणार नाहीत. एका उपचाचणीतले प्रश्न आज कुठल्या वयाला सुटतात, हे एका जिल्ह्यातल्या मराठी शाळांत नीट तपासणे त्याला नक्की जमेल.

नीतीविषयी एकच उदाहरण देतो, कारण हा भाग अर्जावरची सही म्हणून उरकला जातो. नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सध्या फार वापरली जाते. तिचा नववा प्रश्न जगणे नकोसे वाटणे आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयी आहे. समजा, विद्यार्थिनीने ती गूगल फॉर्मवर टाकली, नाव विचारले नाही, आणि तीनशे उत्तरांत दहा जणांनी त्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले. ती माणसे कोण, हे तिला आता कळणार नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट तिने आधीच बंद केलेली आहे. फॉर्म पाठवण्यापूर्वी याचा विचार झाला पाहिजे: तो प्रश्न या अभ्यासाला हवाच आहे का, हवा असेल तर माहिती समोरासमोर घ्यायची का, धोका दिसला तर कुणाला कळवायचे, आणि निदान फॉर्मच्या शेवटी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे का. आपल्याच प्राध्यापकाच्या तासाला वाटलेला फॉर्म भरायला नकार देणे विद्यार्थ्याला किती अवघड असते, हेही लक्षात असू द्यावे. तिथली संमती पुष्कळदा नावापुरती असते.

अभ्यासक्रमाच्या व्यवस्थेबद्दल थोडेसे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने एम.फिल.चा टप्पा संपवला. (चिकित्सा मानसशास्त्राची व्यवस्था वेगळी आहे, तिथे भारतीय पुनर्वास परिषदेचे नियम पाहावे लागतात.) त्यामुळे पीएच.डी.कडे जाऊ इच्छिणाऱ्याचा पहिला खरा संशोधनानुभव आता एम.ए.तच होतो. मार्गदर्शक निवडताना त्यांची पुस्तके किती आहेत यापेक्षा ते मसुदा वाचून परत देतात का, याची चौकशी वरच्या वर्गातल्या मुलांकडे करा. पूर्वसंशोधनाचा आढावा माहिती गोळा करण्याआधी लिहा, नंतर लिहिलेला आढावा निष्कर्षांच्या सोयीने वळतो. आणि सांख्यिकीला भिऊ नका. गणितात कच्चे म्हणून दहावीपासून हिणवले गेलेले विद्यार्थी स्वतःच्या प्रश्नासाठी स्वतः जमवलेल्या आकड्यांवर प्रसरण विश्लेषण आत्मविश्वासाने करताना मी पाहिले आहेत.

शेवटी एक विनंती, मराठीतून काम करणाऱ्यांना. आपल्याकडे दर वर्षी कितीतरी विद्यार्थी इंग्रजी मापनश्रेणींची मराठी रूपे करतात. एक जण मराठी करतो, मूळ न पाहिलेला दुसरा ते पुन्हा इंग्रजीत नेतो, दोन्ही ताडून पाहतात, पाच-दहा जणांना वाचायला देऊन अडणारी वाक्ये दुरुस्त करतात. एवढे करून ती श्रेणी लघुप्रबंधासोबत बांधली जाते आणि दुसऱ्या गावातला विद्यार्थी पुढच्या वर्षी तेच काम पहिल्यापासून करतो. मूळ लेखकांची परवानगी घेऊन तुमची मराठी श्रेणी परिशिष्टात पूर्ण छापा, आणि खुल्या संग्रहातही ठेवा. तिची विश्वसनीयता कमी आली असेल, तर तेही तसेच लिहा. कोणती विधाने गाळली, ती कुणाला कळली नाहीत, सोलापूरला अडलेले वाक्य रत्नागिरीला अडले का, हे दोन पानांत नोंदवा. तुमच्या निष्कर्षांआधी पुढचा विद्यार्थी ती दोन पाने शोधत येईल.