काळी यादी आणि शेजारी

मंडळी, विषय आहे नकोसे ई-मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीचा. पण बीडमध्ये बोलतोय, तर आधी एक जुनी यादी बघू.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा, मुंबई इलाख्यात आला १९११ साली. माणसानं काय केलं हे बघायचंच नाही. जन्म त्या जमातीत ना, मग पोलिसांकडं हजेरी. बीड तेव्हा निजामाकडं, पण शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय कायद्यानंच बंद केलेली. देशभर तो रद्द झाला १९५२ला.

आता ई-मेल. १९९७ साली अमेरिकेत पॉल विक्सी यांनी असे मेल सोडणाऱ्या सर्व्हरांची यादी चालू केली. युक्तिवाद साधा: दार आमचं, आत कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. आम्हाला तो पटतो. पण हजारो घरांनी किल्ल्या एकाच यादीवाल्याकडं दिल्या, की त्याचा नकार सरकारी हुकमासारखा होतो. शिवाय यादीत जातो पत्ता यंत्राचा, आणि एका यंत्रावर भाडेकरू शंभर.

आमच्या कॉलेजचे मेल असेच परत यायला लागले. होस्टिंग स्वस्तातलं; त्याच सर्व्हरवरून भलताच कुणी जाहिराती सोडत होता. पोरांच्या शिष्यवृत्तीची कागदं अडकली. तक्रार करायची तीही मेलनंच, बोला!

दोन्ही अन्याय एका मापाचे नाहीत. तिथं माणसं कुंपणात होती, इथं पत्र परत आलं. तरी परत आलेल्या मेलमध्ये यादीचं नाव होतं. महिनाभर लिहीत राहिलो, तेव्हा नोंद निघाली. तोवर अर्जाची मुदत गेली होती.