क्लच : झीज आणि बदलण्याची वेळ

हाताने गिअर टाकायच्या मोटारगाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांची जोडणी हवी तेव्हा सोडवणारी आणि पुन्हा हळूहळू जुळवणारी यंत्रणा म्हणजे क्लच. आजच्या बहुतेक गाड्यांत तो कोरडा व एकाच प्लेटचा असतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, त्यावर बोल्टांनी आवळलेली प्रेशर प्लेट आणि दोहोंच्या मध्ये दाबून धरलेली क्लच प्लेट. या प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर रिव्हेटांनी बसवलेले असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगच्या पाकळ्या आत ढकलते आणि पकड सुटते. पाय काढला की स्प्रिंग प्लेटला फ्लायव्हीलवर पुन्हा दाबते. अस्तर झिजते ते या दोहोंच्या मधल्या वेळात, प्लेट घासत असताना. चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात ती हीच अवस्था.

म्हणून क्लच किती किलोमीटरला बदलावा, याला एक आकडा नाही. हमरस्त्यावर टॉप गिअरमध्ये पळणाऱ्या गाडीची प्लेट १ लाख किमी सहज ओलांडते. तेच मॉडेल मुंबईच्या कोंडीत हाफ क्लचवर रांगत राहिले, तर निम्म्या अंतरातही प्लेट संपू शकते. चढावर हँडब्रेक न लावता क्लच-ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारा चालक प्लेटचे आयुष्य सर्वांत वेगाने खातो. ‘इतके किमी झाले, आता बदलून टाका’ हा सल्ला गॅरेजच्या सोयीचा असतो. निकाल लक्षणांवरून लावावा.

त्यांतले निर्णायक लक्षण एकच : क्लच घसरणे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. मालक बहुधा ‘पिकअप गेला’ किंवा ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन येतो आणि दोष इंजिनाला देतो. घसरण आधी पहिल्या गिअरमध्ये दिसेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात ती वरच्या गिअरमध्ये, भार असताना आणि इंजिनाचा टॉर्क सर्वाधिक असतो तिथे उघडी पडते. टर्बो डिझेल गाडीत हा टप्पा २,००० आरपीएमच्या आसपास येतो. चार माणसे व सामान घेऊन बोरघाट किंवा कसारा घाट चढताना दुखणे प्रथम जाणवते ते यामुळेच. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० किमी वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. काटा एकदम उसळून वेग मागे राहिला, तर प्लेट घसरते आहे. गॅरेजमध्ये हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडण्याची चाचणी करतात. इंजिन बंद पडले म्हणजे क्लच ठीक, असे मानले जाते. पण ही चाचणी फार झिजलेली प्लेटच पकडते आणि पुन्हा पुन्हा केली, तर चांगली प्लेटही जाळते.

जळका वास हा पुरावा तेवढा पक्का नाही. उभ्या चढावर गाडी रिव्हर्स घेतली तरी तो येतो आणि थोड्या वेळाने जातो. साध्या धावण्यातही येत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये.

पेडल काय सांगते हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. अस्तर पातळ होते तसतशा स्प्रिंगच्या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेने सरकतात. मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचमध्ये त्यामुळे पेडलची मोकळी चाल, म्हणजे ‘प्ले’, कमी होत जाते आणि क्लच ‘वर लागू’ लागतो. प्ले पूर्ण संपला तर बेअरिंग स्प्रिंगला सतत रेटत राहते आणि धडधाकट प्लेटही घसरते. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याआधी केबलचा नट फिरवून पाहणे हे पहिले काम. हायड्रॉलिक क्लचमध्ये ही जुळणी बहुधा आपोआप होते, म्हणून पेडलवरून झीज ओळखणे अवघड जाते.

उलट प्रकारची तक्रार म्हणजे क्लच पूर्ण न सुटणे. गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते. याचे कारण बहुतेकदा प्लेटची झीज नसून ताणलेली केबल, पाइपात शिरलेली हवा किंवा गळके सिलिंडर हे असते. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजाने फ्लायव्हीललाच चिकटलेली सापडते. गाडी सुटताना थरथरत असेल, तर प्लेटवर आलेले तेल, तापून डागाळलेले फ्लायव्हील किंवा सैल इंजिन माउंटिंग यांपैकी काहीही निघू शकते. पेडल दाबल्यावर येणारी घरघर रिलीज बेअरिंगची असते. दाबल्यावर थांबणारी बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची.

घसरण पक्की झाल्यावर दिवस ढकलण्यात फायदा नाही. अस्तर संपले की रिव्हेटांची डोकी फ्लायव्हीलवर चरे पाडतात आणि उष्णतेने त्यावर निळे डाग उठतात. साधे फ्लायव्हील लेथवर घासून घेता येते. अनेक डिझेल गाड्यांत मात्र ड्युअल मास फ्लायव्हील असते. ते खराब झाले तर सहसा बदलावेच लागते आणि त्याची किंमत कित्येकदा क्लच सेटहून जास्त भरते. प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग हा सेट एकत्र बदलतात. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडावी, हा त्यामागचा मुख्य हिशेब. त्याच वेळी इंजिनाचे मागचे ऑइल सील तपासावे, नाहीतर नव्या प्लेटवरही तेल यायचे.

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून आलेल्या एएमटी (क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या) गाड्यांत क्लचचे पेडल नसते, पण प्लेट याच जातीची असते. चढावर ॲक्सिलरेटर दाबून त्या थोपवून धरल्या, तर तीही तशीच जळते.