रुपया गेला, पेसा राहिला

सिविल लाइंसमधील आपल्या नोकरपेशा मंडळींना पहिल्या तारखेचा रुपया परिचयाचा. परंतु हाच हिंदी रुपया एके काळी मोंबासा-नैरोबीतही राजमान्य चलन होता, हे ऐकून थोडे नवल वाटेल. समुद्रावरील जुन्या व्यापाराने त्याला तेथे नेले; १८९६ पासून युगांडा रेल्वेवर राबणाऱ्या हिंदी मजुरांबरोबर तो आत शिरला. १९०५ च्या हुकुमाने पंधरा रुपयांस एक पौंड हा भाव कायम झाला. तेथील रुपयाचे भाग मात्र आणे-पै नसून शंभर सेंट होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदी कडाडली आणि तिच्याबरोबर रुपयाही चढला. १९२० मध्ये तेथे तो दोन शिलिंगांवर स्थिर करण्यात आला. ज्या गोऱ्या मळेवाल्याने पंधरा रुपयांचे कर्ज काढले होते, त्याच्या माथी एका पौंडाऐवजी दीड पौंड बसला! सरकारने रुपया हटवून प्रथम फ्लोरिन आणि १९२१ मध्ये शिलिंग आणला. त्याच वर्षी मळेवाल्यांनी आफ्रिकी मजुरांची मजुरी एक तृतीयांशाने कापण्याचा घाट घातला. हुंडणावळीचा भार अखेर कोणाच्या पाठीवर जातो, हे येथे उघड दिसते. मजुरीकपात, वाढते कर आणि ओळखपत्राची सक्ती यांविरुद्ध हॅरी थुकू यांनी लोकांना संघटित केले. मार्च १९२२ मध्ये त्यांना अटक झाली.

स्वतंत्र केनियाचा स्वतःचा शिलिंग १९६६ मध्ये निघाला. स्वाहिली भाषेत मात्र पैशाला अजून ‘पेसा’च म्हणतात, २००७ मध्ये केनियात सुरू झालेली मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोयही ‘एम-पेसा’ या नावाने चालते.