टोयोटाचा भरवसा आला कुठून, आणि तुटला कुठे?

टपरीवर चहाचे पैसे देताना तुम्ही जो काळा-पांढरा चौकोन स्कॅन करता, तो मुळात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी बनला होता. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या छोट्या टीमने क्यूआर कोड तयार केला. डेन्सो ही १९४९ मध्ये टोयोटातून वेगळी झालेली, टोयोटाला सुटे भाग पुरवणारी कंपनी. साध्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरंच मावायची. त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागायचे आणि कामगार दिवसभर ते स्कॅन करून वैतागायचे. क्यूआर कोडमध्ये नुसते आकडे असतील तर सात हजारांपर्यंत मावतात. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापराचे पैसे मागितले नाहीत. म्हणून आज भाजीवालीच्या गाडीवरही तो लटकतोय.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, मेकॅनिक नाही. तरी या कंपनीशी माझा रोज संबंध येतो. आमच्या टीमच्या बोर्डावर 'करायचं', 'चालू', 'झालं' असे रकाने आहेत. त्या पद्धतीला कानबान म्हणतात आणि ती टोयोटाच्या कारखान्यातून आली. सर्व्हर बंद पडला की आम्ही बसून पाच वेळा 'का?' विचारतो, तेही तिथलंच. म्हणून हा लेख. 'टोयोटा आहे ना, मग बिघडणार नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुणा ना कुणा काकांकडून ऐकलंय. ते कितपत खरं आहे, ते बघू.

आधी माग, मग मोटार

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ चा. वडील सुतार. घरोघरी बायका हातमागावर राबताना बघून या मुलाच्या डोक्यात माग सुधारायचं वेड शिरलं. १८९६ मध्ये त्यांनी वाफेवर चालणारा यंत्रमाग बनवला. त्याची खरी कमाल वेगात नव्हती. आडवा धागा तुटला की हा माग आपोआप थांबायचा.

यात काय मोठं, असं वाटेल. इचलकरंजी-मालेगावकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. धागा तुटला तरी माग चालूच राहिला, तर पुढचं सगळं कापड खराब निघतं आणि ते कळतं उशिरा. म्हणून प्रत्येक मागावर डोळे लावून बसायला माणूस लागतो. माग स्वतःच थांबत असेल, तर एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकतो. १९२४ मध्ये तोयोदांचा 'टाइप जी' माग आला. तो चालता चालता धोटाही आपोआप बदलायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क घेण्यासाठी इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १ लाख पौंडांचा करार केला. त्या काळात इंग्रज कंपनीने जपानी यंत्राचे हक्क विकत घेणं ही मोठीच गोष्ट होती.

साकिचींचा मुलगा किइचिरो याला मोटारींचा नाद. १९३३ मध्ये त्याने मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला, १९३६ मध्ये पहिली कार 'एए' बाजारात आली आणि १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. नाव 'तोयोदा'चं 'टोयोटा' का झालं? जपानी काताकाना लिपीत 'टोयोटा' लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. बोलायलाही सोपं. अंकशास्त्र आपल्याकडेच चालतं असं नाही.

युद्धानंतर कंपनी जवळपास बुडाली होती. १९५० मध्ये पैसे संपले, संप झाला, दीड हजाराहून जास्त कामगार गेले आणि किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियन युद्ध सुरू झालं, अमेरिकन सैन्याने ट्रकच्या ऑर्डरी दिल्या आणि कंपनी तरली. ते दिवस परत बघायला मिळाले नाहीत, १९५२ मध्येच किइचिरो वारले.

दोरी ओढा, लाइन थांबवा

आता मुख्य भाग. ताइइची ओनो नावाचा इंजिनिअर मागाच्या कंपनीतून मोटारीच्या कारखान्यात आला होता. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. अमेरिकेतल्या फोर्डसारखे हजारो सुटे भाग आधीच बनवून गोदामात रचायला टोयोटाकडे ना पैसा होता ना जागा. ओनोने अमेरिकन सुपरमार्केटची कल्पना उचलली. गिऱ्हाइकाने फळीवरून वस्तू उचलली की तेवढीच परत भरायची. कारखान्यात दरवाजे बसवणाऱ्याने दहा दरवाजे वापरले की एक कार्ड मागे जातं, आणि मागचा विभाग तेवढेच दरवाजे बनवतो. कार्ड नाही तर काम नाही. त्या कार्डाला जपानीत म्हणतात कानबान.

पण गोदामच नसेल, तर एक खराब भाग आला तरी सगळं अडणार. त्यावरचा उपाय साकिचींच्या मागातच होता. लाइनवर कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही चुकतंय असं दिसलं की अगदी नवख्या कामगारानेही ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दुरुस्ती झाली नाही तर सगळी लाइन थांबते. या व्यवस्थेला आंदोन म्हणतात आणि त्यामागच्या तत्त्वाला जिदोका. जिदोका म्हणजे 'स्वयंचलन', पण टोयोटावाले तो शब्द लिहिताना मधल्या अक्षराला 'माणूस' हे चिन्ह जोडतात.

दोरी जपानी माणसांनाच ओढता येते असं काही नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा एक कारखाना गैरहजेरी आणि खराब कामासाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर तो पुन्हा सुरू केला, बरेचसे कामगार तेच जुने घेऊन. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानच्या बरोबरीला आला. माणसं तीच होती, फक्त आता चूक दाखवल्याबद्दल कुणी ओरडत नव्हतं. (हा कारखाना आता टेस्लाकडे आहे.)

आणि टोयोटा पहिल्यापासून भारी होती असंही नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 'क्राउन' अमेरिकेत नेली, तर तिथल्या हायवेवर ती दमायची, तापायची. काही वर्षांतच विक्री थांबवावी लागली. १९६६ ची कोरोला, मग १९८९ ची लेक्सस, १९९७ ची हायब्रिड प्रियस, असं करत २००८ मध्ये कंपनी विक्रीत जनरल मोटर्सच्या पुढे गेली. २०२३ मध्ये टोयोटा समूहाने १ कोटी १० लाखांहून जास्त गाड्या विकल्या.

आपल्याकडची टोयोटा

टोयोटाचं भारतातलं नाव 'टोयोटा किर्लोस्कर'. हे तेच किर्लोस्कर, ज्यांच्या लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी आधी १९९५ मध्ये तोयोदांबरोबर कापडगिरण्यांच्या यंत्रांची कंपनी काढली. म्हणजे इथेही आधी माग, मग मोटार! १९९७ मध्ये कारची कंपनी झाली, बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला आणि २००० मध्ये क्वालिस आली. क्वालिस खपत असतानाच २००५ मध्ये ती बंद करून इनोव्हा आणली. पुढचं तुम्हाला माहितीये. शिर्डीची ट्रिप असो नाहीतर आमदारांचा ताफा, इनोव्हा असतेच. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटींचा कारखाना काढण्यासाठी कंपनीने राज्य सरकारशी करारही केलाय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बोनेटवर टोयोटाचा लोगो असला म्हणजे आतली गाडी टोयोटानेच घडवलेली असते असं नाही. ग्लान्झा ही मुळात मारुती सुझुकीची बलेनो आहे. गाडी वाईट नाही, पण इनोव्हाची कीर्ती तिला आपोआप चिकटवू नका. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरच्या शंकेवरून मारुतीने १७ हजारांवर गाड्या परत बोलावल्या, तेव्हा टोयोटालाही ग्लान्झा आणि हायरायडर मिळून १,३९० गाड्या बोलवाव्या लागल्या.

कुणी दोरी ओढली नाही तेव्हा

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एक लेक्सस सुसाट सुटली आणि गाडीतले चौघेही मेले. ॲक्सिलरेटरचं पेडल खालच्या मॅटमध्ये अडकलं होतं. पुढे काही मॉडेल्समध्ये पेडलच नीट वर येत नाही असंही निघालं. जगभरात ८० लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचींचे पणतू आणि तेव्हाचे अध्यक्ष अकियो तोयोदा यांना फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे माफी मागावी लागली. कंपनी फार वेगाने वाढली, असं त्यांनी तिथे कबूल केलं.

दोष सॉफ्टवेअरमध्ये होता का? नासाच्या इंजिनिअरांनी तपासणी केली आणि २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही असं सांगितलं. पण २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका खटल्यात वादींच्या तज्ज्ञाने कॅमरीचा कोड वाचून साक्ष दिली की त्यात दहा हजारांवर ग्लोबल व्हेरिएबल आहेत. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये इतके ठेवले तर सर तोंडी परीक्षेतच उभे करतील. ज्युरीने टोयोटाला दोषी धरलं. मला विचाराल तर इथे एकच पक्का निकाल नाही. अनेक अपघातांना मॅट, पेडल आणि चुकून दाबलेलं पेडल पुरेसं कारण आहे, पण तो कोड अभिमानाने दाखवण्यासारखा नव्हता.

जास्त गंभीर गोष्ट वेगळीच होती. २०१४ मध्ये टोयोटाने १२० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, ते दोषासाठी नाही, तर माहीत असलेल्या दोषाबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल. लाइनवरचा कामगार दोरी ओढत होता, वरच्या केबिनमध्ये मात्र कुणी ओढली नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूने कंपनी अजूनही चाचपडतेय असं माझं मत आहे. मे २०२३ मध्ये उघड झालं की क्लाउडच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे जपानमधल्या २१ लाखांहून जास्त ग्राहकांच्या गाड्यांची माहिती, लोकेशनसकट, जवळपास दहा वर्षं उघडी पडली होती. दहा वर्षं! धागा तुटला आणि माग चालूच राहिला. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी जपानमधले १४ कारखाने थांबले. कारण? मेंटेनन्सच्या वेळी सर्व्हरची डिस्क भरली. बॅकअप सर्व्हर होता, पण तोही त्याच सिस्टिमवर, त्यामुळे तोही बसला. आपला फोन 'स्टोरेज फुल' म्हणतो ना, तेच, फक्त १४ कारखान्यांएवढं.

डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूचा घोटाळा बाहेर आला. ६४ मॉडेल्सच्या चाचण्यांत फेरफार, त्यातला सर्वांत जुना १९८९ चा. चौकशी समितीने मूळ कारण दिलं ते अवास्तव डेडलाइनचं. आयटीतल्या वाचकांना हे फार ओळखीचं वाटेल.

आणि जानेवारी २०२४ मध्ये पाळी आली 'टोयोटा इंडस्ट्रीज'ची. ही साकिचींच्या मागाचीच मूळ कंपनी, आता ती डिझेल इंजिनंही बनवते. इंजिनाच्या ताकदीची चाचणी देताना तिने विक्रीच्या गाडीतल्यापेक्षा वेगळं सॉफ्टवेअर घातलं होतं, म्हणजे आकडे गुळगुळीत यावेत. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या तिन्ही गाड्या आपल्याकडे डीलरकडे पाठवणं काही दिवस थांबलं, ते याच इंजिनांमुळे. रस्त्यावरच्या गाड्या वापरायला हरकत नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं.

मग जुनी इनोव्हा घ्यावी का?

हा प्रश्न मित्र मला नेहमी विचारतात. गाडीचा यांत्रिक भाग टिकाऊ असतो ही कीर्ती खोटी नाही, म्हणूनच जुन्या इनोव्हाचे भाव उतरत नाहीत. पण त्याच भावामुळे टॅक्सीत पिदडलेल्या गाड्याही रंगरंगोटी करून 'टोयोटा आहे' या एका वाक्यावर विकल्या जातात. ओडोमीटरपेक्षा सर्व्हिसच्या नोंदी बघा. नोंदणी खाजगी होती की टुरिस्ट परवान्यावर, ते आरसीवर तपासा. चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा की या गाडीचं एखादं रिकॉल बाकी आहे का. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते. आणि बघायला जाल तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट घातल्या असतील, तर चावी फिरवायच्या आधी वरची काढून टाका.