दारा शुकोहची लायब्ररी

कश्मीरी गेटला माझे ऑफिस. बारा वर्षे त्याच रस्त्याने जाऊन-येऊन आंबेडकर विद्यापीठाच्या आवारातली ती उंच खांबांची इमारत मी एखाद्या गोऱ्या साहेबाचा बंगला समजत होतो. एकदा सहज मागच्या बाजूला गेलो तर लाल दगडाचे मोगल खांब! साहेबी दर्शनी भाग इंग्रजांनी नंतर चढवलेला. दगडमातीत उमेद घालवलेला माणूस मी, पण फसलो.

ही शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याची लायब्ररी. तिथल्या फलकावर १६३७ साल आहे, पण लाल किल्ल्याचे कामच १६३९ साली सुरू झाले, म्हणून ते मला पटत नाही. असो. दाराने काशीच्या पंडितांच्या मदतीने सुमारे पन्नास उपनिषदे १६५७ साली फारसीत आणली. दोनच वर्षांत औरंगजेबाने त्याला ठार केले. पुढे त्या फारसीवरून १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर छापले गेले आणि ते वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर भारावला. उपनिषदे युरोपात गेली ती अशी!

आता आपल्या लोकांचा संबंध. सप्टेंबर १८०३ मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ (आपल्यापैकी कित्येकांच्या सोसायट्या तिथेच आहेत) जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेला हरवले. इंग्रज रेसिडेंट ऑक्टरलोनी या वाड्यात राहायला आला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला. ऑक्टरलोनी आत, आपली माणसे तटाबाहेर. आठवडाभरात वेढा उठला. पानिपत आपल्याला तोंडपाठ, हे कुणी सांगितलेच नव्हते.

नंतर इथे दिल्ली कॉलेज आले. तिथले मास्टर रामचंद्र यांनी कॅल्क्युलस न वापरता, केवळ बीजगणिताने मॅक्झिमा-मिनिमा सोडवणारे पुस्तक १८५० साली काढले. गणिती डी मॉर्गन यांनी ते १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापवले. डिप्लोमाला कॅल्क्युलसने मला घाम फोडला होता, तेव्हा हे पुस्तक मिळायला हवे होते! १८५७ च्या धामधुमीत कॉलेजचे प्रिन्सिपॉल टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले.

२०२३ पासून इथे फाळणीचे संग्रहालय आहे. ऑफिसातल्या एका पंजाबी मित्राबरोबर मी गेलो. त्याचे आजोबा लाहोरहून आलेले. तो एका फोटोपुढे बराच वेळ उभा होता. मी मागच्या बाजूला दाराच्या पुस्तकांची कपाटे कुठे असतील, ते बघत राहिलो.